मुद्देमाल, एक स्कूटर

जप्त झालेली गाडी परत मिळावी म्हणून कोर्टात जो अर्ज करतात, तो मी गेली एकोणीस वर्षं टाइप करते आहे. मी एका वकिलांकडे टायपिस्ट आहे. अर्जाचा साचा ठरलेला आहे. अर्जदार हा सदर वाहनाचा नोंदणीकृत मालक आहे, वाहन उघड्यावर पडून आहे, ऊन-पावसाने त्याची नासधूस होत आहे, अर्जदाराचा उदरनिर्वाह त्यावर अवलंबून आहे. नाव, गाडीचा नंबर आणि गुन्ह्याचा नंबर बदलला की झालं. मध्ये कायदा नवा आला, कलम चारशे एक्कावन्नचं चारशे सत्त्याण्णव झालं, तेव्हा साच्यात तेवढाच आकडा बदलला. रिक्षा, डंपर, दुधाचे टेम्पो, एकदा तर नुसती हातगाडी. 'उदरनिर्वाह' हा शब्द माझी बोटं न बघता टाइप करतात. त्याचा विचार करायची वेळ माझ्यावर दादाच्या स्कूटरमुळे आली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लहानपणी पोलिओ झाला, त्यात उजवा पाय पूर्ण गेला आणि डावा अर्धा राहिला. कॅलिपर आणि एक कुबडी, यावर तो उभा राहतो. उरणच्या रस्त्याला कंटेनर यार्डांच्या रांगेत एक वजनकाटा आहे. ट्रक काट्यावर चढतो, केबिनमधला माणूस वजन घेतो, पावती देतो, ट्रक उतरतो. त्या केबिनमध्ये दादा बावीस वर्षं बसला. लग्न केलं नाही. माझा नवरा गेल्यावर मी करंजाड्याला त्याच्या फ्लॅटवर राहायला आले. लोक समजतात मी त्याला सांभाळायला आले. खरं तर घराचे हप्ते त्याने फेडले होते आणि गॅसचा नंबरही तोच लावायचा.

सकाळी सातला तो खाली उतरायचा. बिनगिअरची स्कूटर, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक छोटं चाक जोडलेलं, कुबडी अडकवायला डाव्या अंगाला रबरी पट्टा. घरात तो हळू होता. जिन्यात हळू होता. स्कूटरवर बसला की कुणाच्याही बरोबरीचा. सोसायटीतले लोक त्याला पाठमोरा बघायचे ते असाच, वेगात. मला वाटतं त्यांच्यापैकी निम्म्यांना त्याचा पाय नीट माहीत नव्हता.

फेब्रुवारीत एका सकाळी सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने एक सायकल आली. रात्रपाळी संपवून घरी निघालेला एका गोदामाचा वॉचमन होता. दादाने ब्रेक मारला, पण बाजूचं चाक सायकलीत अडकलं आणि वॉचमन पडला. घोट्याचं हाड मोडलं. दादाने रिक्षा थांबवून त्याला त्यात बसवलं, स्वतः मागोमाग दवाखान्यात गेला, आणि तिथून पोलिसांना फोनही त्यानेच केला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका त्याला म्हणाले, "कशाला नसत्या भानगडीत पडलास? सरळ निघून जायचं. लोक पळून जातात."

"पळायचं कसं ते आधी शिकवा मला," दादा म्हणाला.

काका हसले नाहीत. आम्ही दोघं हसलो. तोपर्यंत हसण्यासारखंच होतं सगळं. गुन्हा नोंदवला होता, स्कूटर पोलीस ठाण्याच्या आवारात जमा होती, पंचनाम्यात 'मुद्देमाल, एक स्कूटर, चालू स्थितीत' असं लिहिलं होतं, आणि असे अर्ज मी झोपेत टाइप करू शकत होते. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेले. हवालदार साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले. माझे वडील त्याच भागातले, मार्केटात माथाडी होते. एवढ्या ओळखीवर त्यांनी मला खुर्ची दिली.

"टेन्शन घिऊ नका ताई. आरटीओची तपासणी झाली की कोर्टाची ऑर्डर आना अन् गाडी न्या. आठ दिसाचा खेळ हाय."

चौथ्या दिवशी तपासणीचा कागद आला. हवालदारांनी तो माझ्याकडे सरकवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, बुकात गाडी दोन चाकांची हाय. माझ्या आवारात उभी हाय ती चार चाकांवर. ही जादाची दोन आली कुठनं?"

कुठून आली ते मला चांगलं माहीत होतं.

दादाची आधीची स्कूटर वडिलांनी घेऊन दिली होती. तिला एका मिस्त्रीने चाकं जोडली तेव्हा वडिलांनी मार्केटातून दोन दिवस सुट्टी घेतली, आरटीओत रांगेत उभे राहिले आणि गाडीत केलेल्या बदलाची नोंद करून घेतली. त्यांना वाचता जेमतेम येत होतं. ती स्कूटर म्हातारी झाली, दादाने नवी घेतली, त्याच मिस्त्रीकडून चाकं जोडून घेतली. डॉक्टरचा दाखला, गॅरेजचं बिल, फॉर्म, असं सगळं एका पिशवीत घालून त्याने माझ्या हातात दिलं. "तू कोर्टातली. तू कर." मी पिशवी कपाटावर ठेवली. एकदा त्याने आठवण करून दिली, तेव्हा मी म्हणाले, "कोण बघतंय?" आणि खरंच कोणी बघितलं नाही. नाक्यावरचे ट्रॅफिक पोलीस त्याला हात दाखवून पुढे सोडायचे. पिशवी सात वर्षं कपाटावर राहिली. दिवसभर दुसऱ्यांचे कागद तारखेच्या आत लावणारी माणसं घरी येऊन स्वतःच्या कागदाला हात लावत नाहीत. आमच्या ऑफिसात सगळे असेच आहेत. साहेबांचा स्वतःचा पासपोर्ट संपून दोन वर्षं झाली आहेत.

मी घरी येऊन दादाला सांगितलं. त्याने कॅलिपरचा पट्टा सोडत ऐकून घेतलं.

"मग आता?"

"अर्ज तर करू. गाडी तुझी आहे, नाव तुझं आहे."

"हो," तो म्हणाला. पिशवीचं नाव त्याने काढलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्या कोर्टात सरकारी वकिलांनी हरकत घेतली: वाहनात परवानगीशिवाय बदल केला आहे, असं वाहन रस्त्यावर सोडता येणार नाही. तारखा पडल्या. एप्रिलमध्ये आदेश झाला की गाडी परत द्यावी, परंतु जोडलेली चाकं काढून, मूळ स्वरूपात. मी तो आदेश दोनदा वाचला. भाषा शुद्ध होती, कलमं बरोबर होती. घरी वाचून दाखवला तेव्हा दादा म्हणाला, "म्हणजे चष्मा परत देतायत, काचा काढून."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे आदेश ठेवला. आमचे साहेब सत्तरीचे, बोलायला तिखट, फी बुडवणाऱ्यांना केबिनच्या दारातून आत न घेणारे. माझ्याकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही.

"वर जायचं," ते म्हणाले. "सत्र न्यायालयात. आणि या वेळी तुझा तो साचा नको. नवीन लिहायचं. संविधानात काय आहे? कायद्याच्या आधाराशिवाय सरकारला कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. कलम तीनशे-ए. हा हक्क आधी मूलभूत होता, मग तिथून उचलून मागच्या पानांत नेला. पण पुसला नाही, लक्षात ठेव."

"पण सर, कायद्याचा आधार आहे ना त्यांना. पोलिसांना जप्तीचा अधिकार आहे."

"आहे. कशासाठी आहे? पुरावा म्हणून. फोटो काढले, मापं घेतली, तपासणी झाली, अहवाल आला. आता ती गाडी तिथे उभी राहून आणखी काय साक्ष देणार आहे? काम संपलं की अधिकार संपला. त्याच्या पुढचा प्रत्येक दिवस म्हणजे नुसतं ठेवून घेणं. त्याला कायदा म्हणत नाहीत."

"आणि चाकं?"

"चाकांची नोंद नाही केली, तर त्याला दंड आहे. नोंदीसाठी अर्जही करता येतो, अपंग माणसासाठी तशी सोय कायद्यातच आहे. चाकं कापून द्या असं कुठे लिहिलंय? जगण्याच्या हक्कात कामावर जाणं येतं. त्याची गाडी कुठे संपते आणि त्याचे पाय कुठे सुरू होतात, ते मला दाखव. ही नोंद का केली नाही त्याने?"

"माझ्याकडे होतं ते काम, सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं. कागद लाव मशीनला," एवढंच म्हणाले. आमच्याकडे मशीन जाऊन कंप्यूटर आला त्याला पंधरा वर्षं झाली, पण ते अजून तसंच म्हणतात.

त्या अर्जात 'उदरनिर्वाह' शब्दाशी मी थांबले. साच्यात तो एका ओळीत होता. मला आता त्याखाली लिहायचं होतं की अर्जदार सकाळी सातला निघतो, बारा किलोमीटरवर कामाला जातो, आणि बसची पायरी त्याच्या कुबडीला झेपत नाही. मी ते लिहिलं. साहेबांनी एक शब्द खोडला नाही.

इकडे घरात काय चाललं होतं ते मी त्या अर्जात लिहिलं नव्हतं. गाडी जप्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात दादा रिक्षाने गेला. मीटरने जायला कुणी तयार नव्हतं, आणि शेअर रिक्षा कंटेनरच्या रस्त्याला वळत नाहीत. मग मी शेजाऱ्यांची मोटारसायकल मागून घेतली आणि त्याला मागे बसवून तीन दिवस सोडलं. कॅलिपरचा पाय बाहेर काठीसारखा राहायचा आणि दोन्ही बाजूंनी ट्रेलर. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बस. एकाला मारायचं तर मार, दोघं कशाला जायचं?" मग त्याने बस धरली. मी नको म्हणत होते. बसचा दांडा उजव्या हाताने पकडून तो स्वतःला वर ओढून घ्यायचा, कुबडी आधी आत टाकायची आणि मग शरीर. कंडक्टर चांगला होता, ओरडायचा नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी बस थोडी आधी सुटली आणि तो त्या एका हाताला लटकत राहिला. पडला नाही. लोकांनी आत घेतलं. पण खांद्यात काहीतरी झालं.

डॉक्टरने पट्टा दिला आणि विश्रांती सांगितली. दादा म्हणाला, आठ दिवसांत बरा होईन. मी विचारलं की म्हणायचा, "बरा आहे." भाकरी डाव्या हाताने खाताना बघितलं, तर म्हणाला, "सवय ठेवतोय." मी सकाळी साडेनऊला बाहेर पडायचे, संध्याकाळी सातला यायचे. मधल्या वेळात तो काय करायचा मला ठाऊक नाही. टीव्ही लावलेला नसायचा. गॅलरीतली खुर्ची सरकलेली असायची. एके दिवशी मी आले तर कॅलिपर सकाळी भिंतीला होतं तसंच होतं. म्हणजे तो दिवसभर उभाच राहिला नव्हता. मी भाजी टाकली.

काट्याच्या मालकाचा, शेठचा, फोन यायचा. शेठ वाईट माणूस नाही. "तुमची जागा आहेच हो," असं तो दर वेळी म्हणायचा. मे महिन्यात त्याने त्याच वाक्याला पुढे जोडलं, "पण काटा बंद ठेवता येत नाही ना." तात्पुरतं कुणाला तरी बसवलं आहे, असं कळलं. दादा फोनवर म्हणाला, "बरोबर आहे शेठ, ट्रक थांबत नाही." फोन ठेवून तो मला म्हणाला, "वकिलीणबाई, पुढची तारीख कधी?" मला चिडवायचं असलं की तो वकिलीणबाई म्हणायचा. त्या उन्हाळ्यात तो मला तेवढंच म्हणायचा.

पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी ठाण्यात जाऊन स्कूटर बघून यायचे. आवाराच्या मागच्या बाजूला गाड्यांचा ढीग होता. एकीवर एक टाकलेल्या मोटारसायकली, टायर नसलेल्या रिक्षा, काच फुटलेली एक कार. त्यातून गवत वर आलेलं. त्यातल्या किती गाड्यांचे अर्ज मी टाइप केले असतील कुणास ठाऊक. अर्ज मंजूर झाल्यावर मी त्यांचा कधी विचार केला नव्हता. दादाची स्कूटर भिंतीला लावलेली होती. मी प्लास्टिक आणून तिच्यावर बांधलं. पुढच्या खेपेला प्लास्टिक नव्हतं. आणखी एक आणलं. हवालदार छत्री घेऊन माझ्याबरोबर उभे होते.

"ताई, एवढं तर लोक मानसाला बी झाकत न्हाईत."

"तुम्ही आत घ्या ना शेडखाली."

"शेडखाली साहेबांची जीप हाय. अन् हितं माझी सोताची मोटारसायकल भिजतीया, ती बघा." मग म्हणाले, "त्यो वाचमन आल्ता परवा. म्हनला माझी काय तक्रार न्हाई, त्या लंगड्या दादाला गाडी द्या. मी म्हनलं बाबा, माझ्या हातात असतं तर तुझा पाय बरा व्हायच्या आधी दिली असती."

सत्र न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. मी मागच्या बाकावर फाइल घेऊन बसले होते. सरकारी वकील म्हणाले, आज चाकं जोडलेली गाडी सोडली तर उद्या कोणी काहीही जोडेल. साहेब उठले आणि त्यांनी त्या दिवशी मला सांगितलं होतं तेच सांगितलं, फक्त आवाज खाली ठेवून. जज्जबाई लिहून घेत होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली.

"अर्जदार कोर्टात हजर आहेत का?"

"नाहीत, मॅडम," साहेब म्हणाले.

"का?"

"त्यांची गाडी पोलीस ठाण्यात आहे, मॅडम."

कोर्टात कोणी हसलं नाही. जज्जबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यानंतर सरकारी वकील फारसे बोलले नाहीत.

आदेश सप्टेंबरमध्ये हातात आला. तपासणी पूर्ण झाल्यावर वाहन अडकवून ठेवायला कायद्याचा आधार उरत नाही, असं त्यात होतं. मालमत्तेपासून वंचित करताना सरकारचा मार्ग न्याय्य आणि वाजवी असला पाहिजे, असंही होतं. जोडलेल्या चाकांसह गाडी परत द्यावी, अर्जदाराने सुपुर्दनामा, म्हणजे बोलावतील तेव्हा गाडी हजर करण्याची हमी, लिहून द्यावा, आणि बदलाच्या नोंदीसाठी त्याचा अर्ज आरटीओने ठरावीक मुदतीत निकाली काढावा. साहेब खूश होते. त्यांनी त्या आदेशाच्या प्रती काढून कपाटात ठेवल्या. पुढे कुणाला एखादी प्रत उपयोगी पडेल म्हणाले. पडलीही. त्यानंतर दोन अर्जांत मी ती जोडली आहे.

ताबा घ्यायला मी आणि मिस्त्री गेलो. पंचनाम्यात आरसे दोन, बॅटरी एक, अशी यादी होती. आता एकच आरसा होता. बॅटरी नव्हती. सीट उंदरांनी पोखरलं होतं. हवालदारांनी 'मिळाली' म्हणून सही घेतली आणि खाली बघत म्हणाले, "बॅटरीचं इचारू नका." मी विचारलं नाही. मिस्त्रीने स्कूटर टेम्पोत चढवून नेली आणि तीन आठवड्यांत उभी केली. त्याने दोन्ही बाजूंच्या चाकांना नवं ग्रीस भरलं होतं, सांगितलं नसताना.

नोव्हेंबरात आरटीओची तारीख मिळाली. स्कूटर मिस्त्रीने मैदानात आणून ठेवली. मी दादाला टॅक्सीने घेऊन गेले. कपाटावरची पिशवी, दाखला, बिल, कोर्टाचा आदेश, सगळं क्रमाने लावलेलं. साहेबांनी त्या सकाळी मला सांगितलं होतं, काही कमी पडलं तर फोन कर. काहीच कमी पडलं नाही. इन्स्पेक्टर तरुण होता. त्याने आदेश नीट वाचला, चाकं हलवून बघितली, बोल्ट तपासले आणि म्हणाला, "काम चांगलं केलंय. काका, एक राउंड मारून दाखवा, मी नोंद करून टाकतो."

दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून हँडलवर ठेवला.

ते मी पाहिलं. गेले आठ महिने मी त्याच घरात राहत होते.

स्कूटर निघाली. सरळ पट्ट्यावर ठीक गेली. पहिल्या वळणाला हँडल फिरवायचं होतं, ते अर्धं फिरलं आणि तिथेच राहिलं. गाडी चुन्याची रेघ ओलांडून गवतात गेली आणि तो डाव्या ब्रेकवर थांबला. पडला नाही. मी धावत गेले. तो समोर बघत बसला होता, उजवा हात मांडीवर पडलेला.

"ऐकत नाही हात," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"बसच्या दिवसापासून."

"बरा आहे म्हणत होतास तू मला!"

"गाडी आली की होईल म्हटलं. गाडीवर बसलो की सगळं होतं माझं."

मागून इन्स्पेक्टर आला. "काका, घाई नाही. महिन्याने या, दोन महिन्यांनी या. व्यायाम करा."

"नको साहेब. डॉक्टर म्हणाला, तेव्हाच परत दाखवलं असतं तर झालं असतं. आता तसाच राहणार तो."

म्हणजे डॉक्टरकडेही तो पुन्हा माझ्या माघारी जाऊन आला होता. कुठल्या गाडीने गेला, कसा गेला, मी आजवर विचारलेलं नाही.

इन्स्पेक्टरने हातातल्या आदेशाचं पान पुन्हा उलटून बघितलं. मग म्हणाला, "गाडीत दोष नाहीये. कोर्टाचा आदेश गाडीचा आहे. मी नोंद करतो." आणि त्याने तिथेच फाइलवर कागद ठेवून सही केली. नंतर घरी पोस्टाने नवीन कार्ड आलं. त्यात सगळं बरोबर आहे. दादाचं नाव, गाडीचा नंबर, आणि अपंग व्यक्तीसाठी बदल केलेलं वाहन असा शेरा.

मैदानाबाहेर मी टॅक्सी शोधू लागले. दादा म्हणाला, "टॅक्सी कशाला? तू चालव. मी मागे बसतो."

बाजूच्या चाकांमुळे तोल सांभाळायचा प्रश्न नव्हता. मी चालवली. कुबडी त्याने डाव्या हातात उभी धरली होती. सारखा सूचना देत होता. ब्रेक हळू. खड्डा डावीकडून घे, चाक अडकेल. आरशात बघ, अगं आरशात. करंजाड्याचा फाटा आला तेव्हा मी वळणार होते, पण तो म्हणाला, "सरळ घे. काट्यावर जाऊ."

"आज?"

"आजच."

काट्यावर ट्रकची रांग होती. केबिनमध्ये साधारण पस्तिशीची एक बाई बसली होती, जवळच्याच गावातली. आम्हाला दारात बघून ती उठलीच. दादाला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं.

"या ना काका. बसा. तुमचीच खुर्ची हाय."

"तुम्ही बसा. ट्रक उभा आहे."

"शेठ बोलले, काका आले की तू दुसरीकरं जा. मी कपरे पन आनले नाय हितं, डबा तेवरा आनतंय."

"तुम्ही बसा," दादा पुन्हा म्हणाला. "मी काही कामाला आलेलो नाही. बघायला आलो."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. काट्यावरचा ट्रक पावती घेऊन उतरला आणि पुढचा काट्याकडे सरकला. दादाने कुबडी टेकली.

"थांबवा त्याला. आकडा बघा."

समोरच्या पट्टीवर वीस किलो दिसत होते. काटा मोकळा होता.

"ते असंच दाखवतं काका कधी कधी. परत जातं."

"जात नाही. डाव्या कोपऱ्यात फटीत खडी अडकते. इथे बसून कळत नाही, बाहेर जाऊन बघावं लागतं. मी हमालाला पाठवायचो, तुम्ही स्वतः जाऊ शकता. गज दारामागे आहे. काटा शून्यावर आल्याशिवाय पुढच्याला चढवायचा नाही. हॉर्न मारू दे, शिव्या देऊ दे. वीस किलो दुसऱ्याच्या नावावर जातात."

ती गज घेऊन गेली. ट्रकवाल्याने हॉर्न मारला, मग आणखी एकदा, लांब. तिने वाकून फटीत गज फिरवला. एक खडा निघाला, लिंबाएवढा. पट्टीवरचा आकडा बारा झाला, चार झाला, आणि शून्य आला. काचेतून तिने आत बघितलं. दादाने डावा हात वर करून तिला खूण केली की आलं म्हणून.

ती परत येऊन खुर्चीत बसली, या वेळी पूर्ण टेकून. ट्रक चढला. दादा वजन स्थिर होईपर्यंत थांबला, पावती निघालेली बघितली आणि वळला.

पायरी उतरताना मी त्याला हात दिला. तो त्याने घेतला.